कानावर आलं की जाणं आलं



स्मृतिव्याख्यानात थोरामोठ्यांच्या कार्यावर बोलण्याची रीत आहे. मी मात्र आज अगदी साध्या गोष्टींवर बोलणार आहे. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाचा पोरगा मॅट्रिक झाला, कुणाची सोयरीक जमली, कुणाची मोडली, कुणाकडे तेरवी आहे, कुणाचे लेक-जावई पोळ्याला येणार आहेत. आपल्या आजी-आजोबांच्या गावात रोज फिरणाऱ्या या घरगुती आणि शेजारपाजारच्या बातम्या हा माझा विषय आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुन्या गावात बातमी ऐकणारा मोकळा राहत नसे. कानावर आलं की जाणं आलं, करणं आलं. गावाची ही फार मोठी कमाई होती. पण ती कमाई उभी राहावी म्हणून काही माणसांच्या पायांना पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवलं गेलं, आणि काही बायकांना त्याच बातमीनं जगणं नकोसं केलं. या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या तरच आज काय टिकवायचं आणि काय सोडायचं, ते ठरवता येईल.

आपलं आजचं हुडकेश्वर म्हणजे ले-आउट, फ्लॅट स्कीम, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं. २०१३ साली हुडकेश्वर आणि नरसाळा नागपूर महानगरपालिकेत गेले. त्याआधी ग्रामपंचायत होती. त्याच्याही आधी, १९५१ मध्ये मालगुजारी संपेपर्यंत, नागपूर जिल्ह्यातल्या गावांचा कारभार मालगुजाराच्या वाड्यावरून चाले. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी. सरकार इतकं जवळ, तरी भोवतालच्या गावांतल्या घराघराची खबर कुठल्या सरकारी वाटेनं येत नव्हती. ती पायी यायची. विहिरीवर, पारावर, न्हाव्यापुढे बसलेल्या माणसांत, बांगड्या भरायला आलेल्या कासाराच्या तोंडी आणि बाजारात ती हातबदल करायची.

बाजाराचं महत्त्व कळायला नागपूरचाच नकाशा पाहा. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी. आपल्या शहराच्या जुन्या वस्त्यांना बाजाराच्या वारांची नावं आहेत. खेड्यातला माणूस बाजाराला भाजी, दूध, सरपण घेऊन जायचा आणि मीठ-मिरचीबरोबर चार गावांची खबर घेऊन यायचा. दिलेल्या लेकीच्या गावचा माणूस बाजारात भेटला की आई-बापाचा जीव भांड्यात पडायचा. तो काय सांगायचा? ‘बरी आहे, सातवा चाललाय, मूळ धाडा म्हणते.’ एवढ्याशा निरोपानं घरात कामं सुरू व्हायची. डिंक-मेथी गोळा व्हायची, भाऊ बंडी जुंपायचा, शेजारीण जुनी मऊ लुगडी काढून ठेवायची. म्हणजे बातमी एकीची, काम दहा घरांना.

मरणाच्या खबरेत हे सर्वांत स्पष्ट दिसतं. आपल्या परंपरेतला सुतकाचा नियमच पाहा. दूरच्या आप्ताचं मरण दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवस पाळायचे, दहा दिवसांनंतर कळलं तर तीन, वर्ष उलटून कळलं तर नुसती आंघोळ. हा नियम आज कुणी पाळावा असं मी म्हणत नाही. पण ज्या समाजानं तो केला त्याला खबर पोचायला किती दिवस लागतात हे ठाऊक होतं, आणि खबर पोचल्या क्षणापासून माणूस बांधला जातो हेही त्यानं मानलं होतं. ज्या घरी मौत झाली तिथे चूल पेटत नसे. शेजारच्या घरून भाकर-पिठलं येई. ही माणुसकी कुणाच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. खबर कळूनही जो गेला नाही, त्याला पुढे गावानं विचारलं असतं.

आता ज्यानं ही खबर नेली त्याच्याकडे येऊ.

मराठी मुलखातल्या गावोगावी हे काम महार समाजाच्या माणसाकडे होतं. आपल्या भागात त्याला कोतवाल म्हणत. गावची राखण त्याची, डफडं वाजवून दवंडी त्याची, ठाण्यावर वर्दी त्याची. आणि गावात कुणी मेलं की सोयऱ्यांच्या गावी सांगावा घेऊन धावणंही त्याचंच किंवा त्याच्या भावकीचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांवर लादलेल्या कामांची यादी दिली आहे. तिच्यात हे काम स्पष्ट नोंदलं आहे: सवर्ण घरात मृत्यू वा लग्न झालं की नातेवाइकांचं गाव कितीही लांब असो, निरोप पोचवायचा. पावसाळ्यात नाले भरलेले असोत, घरी लेकरू तापानं फणफणलेलं असो, जावं लागे. ज्या दारात तो दुःखाची खबर घेऊन उभा राही, त्या दाराच्या आत त्याला पाय ठेवता येत नसे. पाणी मिळालं तर वरून ओतलेलं. आपल्या आजोबांच्या तेरवीला पाहुणे वेळेवर पोचले, याचं श्रेय गावाच्या एकोप्याला देताना ती खबर कुणाच्या पायांनी पोचली, हे आपण विसरतो. ज्यांच्यावर बातमीच्या प्रवासाचा सर्वांत मोठा भार होता, त्यांच्या स्वतःच्या घरच्या जन्ममरणाला गावाच्या वाटेवरून यायची मुभा नव्हती.

म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस बातमीच्या इतिहासातही मोठा आहे. इथून थोड्याच अंतरावर, आज जिला आपण दीक्षाभूमी म्हणतो, तिथे बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्या वर्षी ४ फेब्रुवारीला ‘जनता’ पत्राचं नाव ‘प्रबुद्ध भारत’ झालं होतं. पण खेड्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. खबर वस्तीवस्तीतून तोंडी पोचली. कितीतरी माणसं पायी आली, बंडीनं आली, दाटीवाटीनं रेल्वेतून आली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मरणाचे निरोप वाहिलेल्या माणसांनी पहिल्यांदा स्वतःच्या नव्या जन्माची खबर वाहिली. त्यानंतर गावोगावी अनेकांनी मेलेली गुरं ओढणं सोडलं, सांगाव्याचं वेठीचं काम सोडलं. काही गावांत त्यांच्यावर बहिष्कार पडला, तरी ते मागे फिरले नाहीत. मला वाटतं, या मुलखात खबर आणि माणुसकी यांचं नातं त्या दिवशी पहिल्यांदा न्यायाच्या बाजूनं जुळलं.

याच कोतवालामुळे आपल्याला एक मोठं धन मिळालं आहे. गावात कोण जन्मलं, कोण गेलं हे लक्षात ठेवून त्याला ठाण्यावर सांगावं लागे आणि तिथे ते लिहिलं जाई. विदर्भात आजही लोक त्या नोंदवहीला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. एका ओळीत मावणारी बातमी: तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, मेलेल्याचं वय आणि कारण. कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘ताप’.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा हिशोब याच ओळींवर उभा आहे. हिंदुस्थानात त्या साथीनं सव्वा ते पावणेदोन कोटी माणसं गेली असावीत असे अंदाज आहेत, आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हा सर्वांत जास्त झळ बसलेल्या प्रांतांपैकी एक होता. त्या महिन्यांत वर्दी देणारे कोतवालही आजारी पडले, कित्येक मेले, आणि नोंदीच कोलमडल्या. खबर नेणारा गेला की मागची मरणं मोजलीच जात नाहीत. आकड्यांतला तो फरक अभ्यासकांना अजून छळतो.

आणि त्याच वह्या आज आपल्या तहसील कार्यालयांत लोक हुडकत असतात. जात वैधतेसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, तर इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. शाळेत न गेलेल्या, जमीन नसलेल्या पणज्याचा दुसरा पुरावा कुठून आणणार? मग शंभर वर्षांपूर्वी कुण्या कोतवालानं ‘अमक्याला मुलगा झाला’ एवढं सांगितलेलं असतं, ती ओळ पणतीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशापर्यंत नेते. रोजच्या क्षुल्लक बातमीचं मोल किती, हे यापेक्षा चांगलं कशानं कळेल? ज्याच्या पायांची गावानं किंमत केली नाही, त्यानं सांगितलेल्या ओळीवर गावातल्या सगळ्या जातींची लेकरं आज उभी आहेत.

पायी खबरेच्या जोडीला मग टपाल आलं. १ जुलै १८७९ ला हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झालं. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. ते उघडं होतं, आणि वाचता येणारी माणसं थोडी होती. १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता १८.३३ टक्के होती, बायकांची ८.८६. म्हणजे कार्ड आलं की घरातली बाई ते घेऊन गुरुजींकडे किंवा पोस्टमनकडे जायची, आणि ओट्यावरच्या चार माणसांदेखत ते वाचलं जायचं. हळद-कुंकवाची बोटं लागलेलं कार्ड लग्नाचं. कोपरा फाडलेलं कार्ड दिसलं की वाचायच्या आधीच हंबरडा. ते घरात ठेवत नसत. वाचून लगेच फाडून टाकत. तार आली असं नुसतं म्हटलं तरी पायातलं बळ जाई. ती तारही १४ जुलै २०१३ ला बंद झाली. आपलं गाव महापालिकेत गेलं त्याच वर्षी.

या वाचून दाखवण्याच्या कामात खेड्यातल्या शिक्षकांनी जे केलं त्याची नोंद कुठल्या अहवालात सापडत नाही. सासरी छळ होत असलेल्या मुलीचं कार्ड आईला कसं वाचून दाखवायचं? ‘मला न्यायला या, नाहीतर विहीर जवळ करीन’ हे चारचौघांत मोठ्यानं वाचायचं का? चांगला गुरुजी तेवढं वाक्य गिळायचा, ‘पोरीनं बोलावलंय, उद्याच जा’ म्हणायचा, आणि मग बापाला बाजूला घेऊन खरं सांगायचा. उत्तरही तोच लिहून द्यायचा. गावातल्या प्रत्येक घराचं गुपित त्याला ठाऊक असे आणि ते त्याच्यापाशीच राही. ज्या गुरुजींच्या नावे आपण जमलो आहोत त्यांची पिढी अशी होती. बातमी पोचवण्याइतकंच बातमी राखणंही तिला कळत होतं.

वर्षातून काही दिवस मात्र राखलेलं बाहेर काढायची गावालाच मुभा असे. पोळ्याच्या तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या सुरू होत. सावकार, मालगुजार, पटवारी, यंदाचं पीक, गावातली भानगड असं वर्षभराचं सारं त्या तुकबंदीत येई आणि ज्याच्यावर झडती पडली त्याला ती ऐकून घ्यावी लागे. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. सोबतच्या बडग्या नावाच्या पुतळ्यांवर महागाईपासून नेत्यांपर्यंत त्या वर्षीचा राग लिहिलेला असतो. इडापिडा घेऊन जा, अशी हाक घालत लोक गावाचं दुखणं वेशीबाहेर नेतात. बायकांना ही मुभा भुलाबाईत मिळे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली दारोदार गाणी म्हणत. सासू, नणंद, माहेरची वाट, असं एरवी ज्याचा उच्चारही महाग पडला असता, ते त्या गाण्यांत मोकळं होई. पुण्याचे गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या वाचल्या की कळतं, ज्यांना वर्तमानपत्र नव्हतं त्या बायकांनी घरादाराची सगळी खबर दळताना गाऊन ठेवली आहे.

छापील कागदात या बातम्यांना मान कुणी दिला, तर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या मुकुंदराव पाटलांनी. २३ नोव्हेंबर १९१० ला त्यांनी सोमठाणे या खेड्यातून ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केलं. पुढे ते तरवडीहून निघू लागलं. नागपुरात १९१४ ला गोपाळराव ओगल्यांचं ‘महाराष्ट्र’ निघालं, १९४४ पासून ग. त्र्यं. माडखोलकर ‘तरुण भारत’ चालवू लागले; ही मोठी पत्रं राजधानीत बसून देशाकडे पाहत होती. मुकुंदराव खेड्यात छापखाना घेऊन बसले आणि खेड्याकडे पाहत राहिले. सत्यशोधक घरानं पुरोहिताशिवाय लग्न लावलं की ती बातमी ‘दीनमित्र’मध्ये येई. दिसायला ते एका घरचं लग्न. पण दुसऱ्या गावातला एकटा माणूस ती वाचून म्हणायचा, ‘त्यांना जमलं, मग आपल्यालाही जमेल.’ एका घरची खबर दहा गावांना धीर देऊ शकते, हे मुकुंदरावांनी दाखवून दिलं. १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं.

इथवर ऐकताना कुणाच्या मनात येईल, किती चांगले दिवस होते. म्हणून दुसरी बाजू ठामपणे मांडणं माझं कर्तव्य आहे. गावाचे कान बाईच्या बाबतीत निर्दय होते. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांना गुप्तपणे बाळंत होता यावं, ही त्याची पहिली हमी होती. गाव कशाला भीत होतं? बाईच्या जिवाला नव्हे, मुलाच्या जिवालाही नव्हे. बातमी फुटण्याला. त्या भीतीपोटी विहिरी जवळ केल्या गेल्या, नवजात अर्भकं मारली गेली. सावित्रीबाईंनी बातमी दाराबाहेर जाऊ दिली नाही, म्हणून माणसं वाचली. तेव्हा सगळ्यांना सगळं ठाऊक असणं म्हणजे आपुलकी, हे मला मान्य नाही. ज्या बातमीनं ऐकणाऱ्यावर मदतीची जबाबदारी येते ती आपुलकीची. जिनं फक्त दुसऱ्याला झोडपायला हातात काठी येते, ती बातमी थांबवणं हाच धर्म.

ही कसोटी आज आपल्याला लावायची आहे. आपल्या ले-आउटमध्ये उमरेडहून आलेले आहेत, भिवापूर, कुही, चंद्रपूर, गोंदियाहून आलेले आहेत. नोकरीसाठी आलो, प्लॉट घेतला, घर बांधलं. गावची वाट सुटली, तसा कानही सुटला. आता व्हॉट्सॲपवर जगभरचं कळतं, आणि मागच्या गल्लीतली म्हातारी दोन दिवस उठली नाही हे कळत नाही. कळलं तरी हात जोडलेलं चित्र पाठवून आपण मोकळे होतो. पूर्वी खबर कळली की जाणं आलं. आता खबर कळली की उत्तर पाठवणं आलं, आणि तेवढ्यानं काम झालं असं वाटू लागलं आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये या नागपुरात आपण काय भोगलं ते आठवा. दिवसातून चार-चार मरणं फोनवर कळत होती आणि जाता येत नव्हतं. खांदा देता आला नाही, तेरवीला बसता आलं नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांना ती रुखरुख आजही झोपू देत नाही. ही रुखरुख काय सांगते? जाण्याची ओढ आपल्यातून मेलेली नाही. त्याच दिवसांत काही तरुणांनी अनोळखी घरांसमोर डबे ठेवले, औषधं पोचवली. जात विचारली नाही, नातं विचारलं नाही. जुन्या गावातलं जे चांगलं होतं ते इथं होतं, आणि वेठ इथं नव्हती. कुणी हुकूम केला नव्हता. ते आपणहून गेले. पुढच्या हुडकेश्वरचा पाया मला त्या डब्यांत दिसतो.

शेवटी काही करण्याजोगं सांगून थांबतो. ग्रामपंचायत गेली, जुने वाडे गेले, आता आठवण सांगणारी माणसंही चालली आहेत. या व्याख्यानमालेच्या आयोजकांना माझी विनंती आहे, की यंदा एक वही सुरू करा. घराघरांत पडलेली पोस्टकार्डं, जुन्या लग्नपत्रिका, पोळ्याचे फोटो यांच्या प्रती काढून घ्या. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरकडे पाहा. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात एकेका घराचा इतिहास आहे. ऐंशी ओलांडलेल्या बायांजवळ बसा आणि त्यांनी म्हटलेली भुलाबाई लिहून घ्या. आणि सर्वांत आधी त्या वस्तीत जा, जिथल्या माणसांनी गावाच्या खबरा वाहिल्या. त्यांच्या घरच्या खबरा गावानं कधी विचारल्या नाहीत. वहीचं पहिलं पान त्यांचं असू द्या. मात्र ज्याची गोष्ट त्याची परवानगी घ्या, आणि जे गुपित राखायला सांगितलं जाईल ते राखा.

दुसरं काम प्रत्येक गल्लीचं. एकटं राहणारं म्हातारं माणूस, बाळंतीण, आजारी, नुकतं दुःख झालेलं घर यांची खबर ठेवणारी दोन माणसं प्रत्येक गल्लीनं आपल्यातूनच निवडावीत, एक बाई आणि एक पुरुष, आणि दर सहा महिन्यांनी ती बदलावीत. म्हणजे हा भार पुन्हा एकाच समाजाच्या, एकाच बाईच्या खांद्यावर पडणार नाही. खबर आणणं हा कुणाचा जन्मजात धंदा नसावा. ते सर्वांनी पाळीपाळीनं करायचं काम असावं. एवढं जमलं, तर जुन्या गावाला जे न्यायानं करता आलं नाही ते नव्या वस्तीला करता येईल, आणि गुरुजींच्या नावानं चालणारी ही व्याख्यानमाला नुसत्या बोलण्यापाशी थांबणार नाही.